चढा गंधार

गाण्याच्या बैठकीनंतर चहा घेताना कुणीतरी हमखास म्हणतं, "इंग्रजांच्या पेटीने आपला गंधार नासवला. त्या लोकांना श्रुती कधी कळल्याच नाहीत." पेटी मुळात इंग्रजांची नाही. 1842 मध्ये पॅरिसच्या अलेक्सांद्र दबॅं याने तिचं पेटंट घेतलं. पण तिचा गंधार (सा-रे-ग मधला ग) चढा, म्हणजे हवा त्याहून किंचित उंच असतो, ही तक्रार मात्र खरी आहे. चूक आहे ती दुसऱ्या, श्रुतींच्या म्हणजे स्वरांमधल्या बारीक फरकांच्या वाक्यात. युरोपने शुद्ध गंधार तीनेकशे वर्षं जिवापाड जपला आणि मग जाणूनबुजून सोडून दिला. का सोडला, हे कळायला शाळेतले अपूर्णांक पुरतात.

जुळलेल्या तंबोऱ्याजवळ कान नेला की खर्जाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या सा च्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो. त्यालाच आपण स्वयंभू गंधार म्हणतो. तार अख्खी थरथरते, तशीच ती दोन, तीन, चार, पाच भागांतही थरथरत असते. सा सेकंदाला 240 कंपनांचा धरला, तर त्याच तारेतून 480, 720, 960 आणि 1200 हे उपस्वरही निघतात. यातला 720 हा पंचम आणि 1200 हा गंधार. मूळ सा च्या सप्तकात उतरवले (एक सप्तक उतरणं म्हणजे आकडा निम्मा करणं) की प येतो 360 वर आणि ग येतो 300 वर, म्हणजे सा च्या 3/2 पट आणि 5/4 पट.

मध्ययुगीन युरोपचा भरवसा पायथागोरसच्या हिशेबावर होता, आणि त्या हिशेबात 2 आणि 3 एवढेच आकडे चालत. सगळे स्वर पंचमाच्या उड्या मारून मिळवायचे. सा वरून प, प ला सा मानून रे, तिथून ध, तिथून ग. वहीत करून बघा: 240 ला चार वेळा दीडने गुणा आणि दोन सप्तकं खाली या. उत्तर 303.75 येतं, 300 नाही.

पावणेचार कंपनांनी काय बिघडतं? एकट्याने गाताना काहीच नाही. चर्चमधल्या जुन्या लॅटिन गायनात सगळे मिळून एका वेळी एकच स्वर गात, तिथे हा प्रश्नच नव्हता. पण सा आणि ग एकाच वेळी वाजवले, की सा चा पाचवा उपस्वर पडतो 1200 वर आणि या चढ्या ग चा चौथा उपस्वर 1215 वर. फरक 15, म्हणून सेकंदाला 15 वेळा आवाज फुगतो आणि विरतो. पदार्थविज्ञानात याला बीट्स म्हणतात, आणि कानाला तो खरखरीत लागतो. दोन लाटा कधी एकमेकींना साथ देतात, कधी खोडून काढतात, एवढंच त्यामागचं कारण.

आता बाराव्या शतकाच्या अखेरीचं पॅरिस. नोत्र-दाम चर्चमध्ये पेरोतिन चार-चार आवाजांची गुंफण बांधत होता, ज्यात प्रत्येक आवाजाची चाल वेगळी. हे संगीत येऊन थांबतं ते सा-प-सा वर. गंधार वाटेत भेटतो, पण मुक्काम त्याच्यावर नाही. पियानोच्या सवयीच्या कानाला ते पोकळ वाटतं. मला नाही वाटत, कारण आपला तंबोरा प-सा-सा-सा असाच लावलेला असतो!

पुढे इंग्लंडच्या गायकांना गंधाराचा गोडवा लागला. 1440 च्या सुमारास फ्रेंच कवी मार्टिन ल फ्रांक याने डन्स्टेबल या संगीतकाराच्या 'इंग्रजी ढंगा'चं कौतुक केलं, तो ढंग हाच. गळ्याला पट्ट्या नसतात, त्यामुळे गायक आपसूक 300 कडे सरकत असावेत. इटलीतल्या बोलोन्यात बार्तोलोमे रामोस या संगीतशास्त्रकाराने 1482 साली 5/4 चा गंधार उघडपणे मांडला आणि पायथागोरसच्या भक्तांनी त्याला झोडपून काढलं. जुळवणी बदलली म्हणून संगीत बदललं की उलट, हा कोंबडी-अंड्याचा वाद आहे, तो मी सोडवणार नाही.

ऑर्गनला मात्र पट्ट्या असतात, आणि इथली युक्ती मला भयंकर आवडते. पिएत्रो आरोन या इटालियन शास्त्रकाराच्या 1523 च्या ग्रंथात तिचं वर्णन आहे. गंधार चार उड्यांनंतर चढतो ना? मग प्रत्येक उडी किंचित आखूड करा. दीडच्या जागी 1.4953 पट घेतली, की चौथी उडी बरोबर 300 वर पडते. पंचम 360 ऐवजी 358.9 होतो, सेकंदाला जेमतेम दोनदा हलतो, आणि कान तेवढं माफ करतो. गंधार मात्र दगडासारखा स्थिर.

पण उधारी कुठेतरी फेडावी लागतेच. बारा उड्यांत बाराही स्वर होऊन सात सप्तकं वरच्या सा वर परत यायला हवं. शुद्ध पंचमाच्या बारा उड्यांनी सुद्धा आपण नेमके तिथे पोचत नाही: दीडचा बारावा घात 129.75 आणि दोनचा सातवा घात 128. आखूड उड्या तर उलट कमी पडतात. साठलेली सगळी तूट शेवटच्या एका पंचमावर कोसळते आणि तो 1.53 पट होतो. तो असा गुरगुरतो की त्याला 'लांडगा' हेच नाव पडलं. ऑर्गन बनवणाऱ्यांनी काही काळ्या पट्ट्या मधोमध चिरून त्यांचे दोन स्वर केले. ठाण्या-मुंबईच्या लोकांनी डॉ. विद्याधर ओकांची बावीस श्रुतींची पेटी पाहिली असेल, तर ही धडपड ओळखीची वाटेल.

लांडगा एका कोपऱ्यात बांधलेला असला, की तिकडे जायचं नाही, एवढंच बंधन. सोळाव्या शतकाला ते चाललं. बरोक काळातले (सतरावं-अठरावं शतक) संगीतकार मात्र एकाच रचनेत सा बदलत फिरू लागले. मग तूट थोडी थोडी सगळ्या पंचमांत वाटायचे नाना प्रकार निघाले. बाखने 1722 मध्ये बाराही स्वरांना सा मानून, प्रत्येकावर मेजर आणि मायनर अशा चोवीसही स्वरमेळांत रचना केल्या, त्या अशाच एखाद्या जुळवणीसाठी. ती आजची समान वाटणी होती असं सर्रास सांगतात, पण तसा पुरावा नाही.

समान वाटणी म्हणजे प्रत्येक पायरी 1.05946 पट. चीनमध्ये झू झाईयू याने 1584 मध्ये हा आकडा काढला होता. गॅलिलिओचे वडील विन्सेन्झो यांनी 1581 मध्ये ल्यूट या तंतुवाद्याच्या पडद्यांसाठी 18/17 चा सोपा नियम दिला, जो त्याच्या अगदी जवळ जातो. पियानोवर ही वाटणी पक्की बसली ती एकोणिसाव्या शतकात. त्यात सगळे सा सारखे आणि सगळे गंधार सारखेच चढे: 302.4.

जाता जाता, पाश्चात्त्य वाद्यं ज्या A या स्वरावर जुळवतात, तो सेकंदाला 440 कंपनांचा धरतात. त्याबद्दल '440 ऐवजी 432 ही विश्वाची कंप्रता' असे संदेश फिरतात. कंप्रता मोजायची ती सेकंदात, आणि सेकंद म्हणजे माणसाने दिवसाचे केलेले 86,400 तुकडे. विश्वाला तो वाटा कुणी कळवला? फ्रान्सने 1859 मध्ये 435 ठरवलं होतं, तेव्हा विश्व काही बेसूर झालं नाही. आणि सगळा मेळ 432 वर उतरवला, तरी गंधार सा च्या तुलनेत तेवढाच चढा राहतो!

चढ्या गंधाराची हीच पेटी आकाशवाणीने 1940 ते 1971 साथीला सुद्धा घेतली नाही. घरात पेटी असेल तर मधल्या सप्तकातले सा आणि ग एकत्र दाबून भाता संथ ठेवा. सेकंदाला नऊ-दहा थरथरी ऐकू येतील. मग ग सोडून प दाबा. थरथर इतकी मंद होते की एक लाट यायला सेकंदभर थांबावं लागतं.