जुन्या हाडांना नवी कामं

‘परिस्थितीशी जुळवून घेतलं’ असं आपण सहज म्हणून जातो आणि नकळत असं समजतो की प्राण्याने गरज ओळखून स्वतःला बदललं. फ्रेंच निसर्गअभ्यासक लामार्कने १८०९ मध्ये बरंचसं असंच मांडलं होतं: मान ताणताणून जिराफाची मान वाढली आणि ती पिल्लांकडे गेली. डार्विनने १८५९ मध्ये हे चित्र फिरवलं. पिल्लांमध्ये थोडेफार फरक मुळातच असतात. त्या जागी जी तगतात, त्यांचे गुण पुढच्या पिढीत जास्त उतरतात. मला यातला एक भाग फार मोलाचा वाटतो. निसर्गाला कोरी पाटी कधीच मिळत नाही. अंगात आधीपासून जे आहे, त्यातूनच नवं काम भागवावं लागतं.

कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या एल्समिअर बेटावर २००४ मध्ये टिक्टालिकचे जीवाश्म सापडले. वय सुमारे साडेसदतीस कोटी वर्षं. अंगावर खवले, म्हणजे मासाच. पण कल्ल्यांपाशी डोकं खांद्याला जखडलेलं नाही, त्याला मान आहे. आणि पराच्या आत दंडाचं एक हाड, त्यापुढे दोन, मग मनगटासारखी बारीक हाडं. आपला हात चाचपून पाहिला तर हाच क्रम लागतो. उथळ पाण्यात तळाला रेटा द्यायला जे उपयोगी पडलं, तेच पुढे जमिनीवर पाय म्हणून चाललं.

देवमाशाने हीच वाट उलटी चालली, जमिनीवरून पाण्यात. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचा पाकिसेटस हा त्याचा चार पायांचा नातेवाईक. अवशेष आजच्या पाकिस्तानातले. बाकी शरीर जमिनीवरच्या प्राण्याचं, पण कानाचं हाड मात्र देवमाशासारखं जाड. आजच्या देवमाशाच्या वल्ह्यासारख्या अवयवात बोटांची हाडं आहेत आणि शरीरात खोलवर कटीच्या हाडांचे उरलेले तुकडे. त्याची शेपटी बघा. मासा ती डावी-उजवीकडे हलवतो, देवमासा वर-खाली. धावताना सस्तन प्राण्यांचा कणा वर-खाली वाकतो, तीच लय पाण्यात उतरली आहे.

वनस्पतींची कहाणी कमी सांगितली जाते, याचं वाईट वाटतं. स्कॉटलंडमधल्या राइनी गावाजवळ १९१२ मध्ये विल्यम मॅकी या डॉक्टरांना एक खडक सापडला. उष्ण झऱ्यांच्या पाण्यातल्या सिलिकाने चाळीस कोटी वर्षांपूर्वीची झुडपं त्यात जशीच्या तशी गोठवली होती. त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पानं नसलेल्या खोडांवरही रंध्रं, म्हणजे हवेची ये-जा होणारी बारीक छिद्रं दिसतात, दोन्ही बाजूंच्या, त्यांची उघडझाप करणाऱ्या रक्षक पेशींसह. हवा आत घ्यायची पण पाणी गमवायचं नाही, हा जमिनीवरचा पहिला पेच त्यांनी असा सोडवला. निवडुंगात तीच रंध्रं रात्री उघडतात. पानांचे काटे झाले आणि अन्न करायचं काम खोडाने उचललं.

रंध्रांची संख्या हवेप्रमाणेही बदलते. हा बदल पिढ्यांचा असायलाच हवा असं नाही. पान वाढत असतानाच तो घडू शकतो. वनस्पतिशास्त्रज्ञ वुडवर्ड यांनी १९८७ मध्ये काही झाडांची दोनशे वर्षांत वाळवून जपलेली पानं तपासली. कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तशी रंध्रांची दाटी सुमारे ४० टक्क्यांनी घटली होती. आता गिंको या फार जुन्या वंशाच्या झाडाच्या जीवाश्म पानांवरची रंध्रं मोजून कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या हवेत हा वायू किती होता, याचा अंदाज बांधला जातो.