टायलेकोडॉन मेलं नाहीये, झोपलंय

"कॉडेक्सवाली (म्हणजे पाणी साठवणारं फुगीर खोड असलेली) सगळी झाडं अडेनियमसारखी, उन्हाळ्यात पाणी द्या नि थंडीत बंद" हे वर्षानुवर्षं ऐकतोय, पण टायलेकोडॉन पॅनिक्युलाटसला तोच नियम लावलात तर सडणारच ते. हे मूळचं दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिमेकडचं, नामाक्वालँड वगैरे, तिथे पाऊसच मुळात थंडीत पडतो, म्हणजे साधारण मे ते ऑगस्ट (तिकडचे ऋतू आपल्या उलटे), आणि उन्हाळा कोरडाठाक. म्हणून थंडीत पानं, उन्हाळ्यात नुसतं जाड खोड, आणि गंमत म्हणजे फुलं येतात ती पानं गळल्यावर, खोडात साठवलेल्या पाण्यावर! आपल्याकडे मे महिन्यात बोडकं दिसलं की लोक घाबरून तांब्यावर तांब्या पाणी ओततात. नका ना ओतू. रात्री गार व्हायला लागल्या, कोंब दिसले, की मग द्या. (आणि हो, झाड विषारी आहे, शेळ्यामेंढ्यांपासून लांब ठेवा.)