लिफ्ट का बसते? कोकणातला ट्रॅक्टर, त्याचं हायड्रॉलिक आणि पुढच्या लिंकेजचा मोह

कोकणात मिनी ट्रॅक्टर वापरणाऱ्या कुणालाही विचारा गाडी कशी आहे म्हणून. इंजिनाबद्दल तक्रार क्वचितच ऐकू येते. "इंजिन झकास, डिझेल पण कमी खातं, पण लिफ्ट धरत नाय हो." देवगडपासून पेणच्या खारेपाटापर्यंत कुठेही गेलात तरी गाऱ्हाणं साधारण हेच, मागचं अवजार उचलणारी लिफ्ट टिकत नाही, माती फोडणारा रोटाव्हेटर वर घेतला आणि जरा गप्पा मारत उभं राहिलं की तो आपोआप खाली टेकलेला असतो. मग मेस्त्री येतो, सील बदलतो, पुढच्या पावसात पुन्हा तेच. लोक कंपनीला शिव्या घालतात, पण हाच ट्रॅक्टर घाटावर कोरड्या रानात वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतो. माझ्या मते इथला खरा गुन्हेगार पाणी आहे, आणि ते जिथून आत शिरतं त्या वाटेकडे कुणी बघत नाही.

आधी लिफ्ट उचलते कशी ते बघू. बंद जागेतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम शाळेत सगळ्यांनीच पाठ केलाय. ट्रॅक्टरमधला छोटा गिअर पंप तेल ढकलतो, दाब १५० बारच्या आसपास जातो, आणि १ बार म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ १ किलोचा जोर. लिफ्टचा पिस्टन ६० मिलिमीटर व्यासाचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ होतं साधारण २८ चौरस सेंटीमीटर, म्हणजे जोर झाला ४२०० किलो! मग माहितीपत्रकावर ७०० किंवा ७५० किलोच का लिहितात? कारण पिस्टन सरकतो १० सेंटीमीटर आणि अवजार धरणाऱ्या मागच्या आर्मचं टोक वर जातं ६० सेंटीमीटर. अंतर सहापट वाढलं की जोर सहा भागांचा एक भाग उरतो, ४२०० चे ७००. फुकट काही मिळत नाही, तरफेचा हिशोब आहे सगळा.

आणि ते ७०० किलो सुद्धा आर्मच्या टोकाशी. अवजाराचं वजन त्याच्याही मागे लोंबत असतं, त्यामुळे प्रत्यक्षात उचललं जातं त्याहून कमी. मध्य प्रदेशात बुदनीला सरकारी केंद्रात ट्रॅक्टरची चाचणी होते, तिथल्या रिपोर्टमध्ये आर्मच्या टोकाशी किती आणि मागे लावलेल्या स्टँडर्ड फ्रेमवर किती असे दोन आकडे वेगवेगळे दिलेले असतात. घ्यायच्या आधी दुसरा आकडा बघा, शोरूमवाला पहिलाच सांगणार.

आता लिफ्ट का बसते ते. पिस्टनच्या मागे अडकवून ठेवलेलं तेल कुठून तरी गळतं म्हणून. पिस्टनचं सील असेल, नाहीतर तेल सोडणारा-अडवणारा कंट्रोल वॉल्व्ह. त्या वॉल्व्हमधला स्पूल, म्हणजे आत सरकणारा दांडा, आणि त्याचं घर यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते, तिथे बारीक कचरा घासत राहिला की फट वाढते आणि तेल निसटतं. इंजिन चालू असताना लिफ्ट उचक्या देते, थोडी खाली थोडी वर असं करते, त्याचंही कारण हेच, आर्म जरा उतरला की आतली लिंक वॉल्व्ह उघडते, पंप पुन्हा वर ढकलतो, परत गळतं, परत ढकलतो. तपासायला मशीन लागत नाही. अवजार वर घ्या, इंजिन बंद करा, बाजूला काठी उभी करून खूण करा आणि थोड्या वेळाने बघा किती उतरलंय. सकाळी थंड असताना लिफ्ट मंद असेल तर तेल जाड झालंय नाहीतर फिल्टर तुंबलाय, आणि तापल्यावर मंद होत असेल तर बहुतेक पंप झिजलाय, कारण गरम तेल पातळ होऊन झिजलेल्या गिअरच्या बाजूने मागे पळतं.

बरं, कचरा आणि पाणी आत येतात कुठून? आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल, ऑईल ब्रेक आणि हायड्रॉलिक या सगळ्यांना एकच तेल असतं, एकाच टाकीत. म्हणजे मागच्या ॲक्सलच्या सीलमधून शिरलेलं पाणी थेट लिफ्टच्या पंपापर्यंत जातं. आता चिखलणीचा दिवस डोळ्यासमोर आणा, केज व्हील, म्हणजे चिखलात चालणारी लोखंडी चाकं, लावलीत, मळ्यात गुडघाभर चिखल, तास दोन तास रोटर, म्हणजे रोटाव्हेटर, फिरवून गिअरबॉक्सचं घर तापलंय, समजा आतली हवा ६० अंशांवर गेली. मग गाडी पाण्यात उभी करून सगळे न्याहारीला गेले. घर गार होऊन २८ अंशांवर आलं की आतल्या हवेचा दाब साधारण १० टक्क्यांनी पडतो. ब्रीदर, म्हणजे घराला हवा घ्यायला-सोडायला ठेवलेली छोटी टोपी, मोकळा असेल तर तो बाहेरची हवा ओढून घेतो आणि हिशोब मिटतो. पण ब्रीदरवर चिखल वाळून घट्ट बसला असेल तर ती ओढ सीलच्या ओठावर येते, आणि सीलच्या बाहेर तर पाणीच आहे! सील बनवलेलं असतं आतलं तेल बाहेर जाऊ नये म्हणून, बाहेरचं आत ओढलं गेलं तर ते फारसं अडवत नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या आतली ती टोपी. पण तिला कोण विचारतं.

ब्रीदर मोकळा असला तरी कोकणात हवेतच एवढं पाणी असतं की रोज रात्री थंड होताना गाडी दमट हवा आत घेते आणि ती आतल्या लोखंडावर थेंब धरते. तेलाचा रंग कटिंग चहासारखा झाला की समजायचं प्रकरण पुढे गेलंय. पाणी खाली बसेल आणि प्लग ढिला करून काढून टाकू असं बरेच जण करतात, पण ट्रॅक्टरच्या या तेलात पाणी मिसळून घेणारी रसायनं असतात, ते नीट वेगळं होतच नाही. शंका आली तर तापलेल्या जुन्या तव्यावर दोन थेंब टाका, तडतडलं तर हजारात एक भागाच्या आसपास तरी पाणी आहे. डोळे जपा, आणि तवा आधी चुलीवरून उतरवून मगच थेंब टाका, तेल आहे ते.

या सगळ्या सिस्टिमचा बाप म्हणजे आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन. त्या काळचे ट्रॅक्टर नांगर मागे नुसता ओढायचे, फाळ दगडात अडकला की पुढची चाकं हवेत आणि ड्रायव्हर खाली चिरडला. फर्ग्युसनने १९२६ च्या पेटंटमध्ये नांगराच्या ओढीवरून लिफ्ट आपोआप वरखाली करायची कल्पना मांडली, तीच पुढे तीन पॉइंटच्या लिंकेजसोबत, म्हणजे अवजार तीन जागी धरणाऱ्या जोडणीसोबत, १९३९ मध्ये फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरवर जगभर गेली. जमीन कडक लागली की टॉप लिंक, म्हणजे त्या जोडणीचा वरचा दांडा, दाबली जाते, ती वॉल्व्हला ढकलते, नांगर जरा वर येतो. याला ड्राफ्ट कंट्रोल म्हणतात. जांभ्याच्या वरकस जमिनीत नांगरताना तो लिव्हर वापरा, चिखलणीत रोटरला मात्र अवजार ठरलेल्या उंचीवर धरणारा पोझिशन कंट्रोलच, नाहीतर खोली एकसारखी राहणार नाही. अर्धे लोक तो दुसरा लिव्हर आयुष्यात हलवत नाहीत!

आता नवीन फॅड, पुढचं लिंकेज, म्हणजे तशीच जोडणी ट्रॅक्टरच्या तोंडाशी. परदेशी व्हिडिओत पुढे गवत कापणारा मोवर, मागेही मोवर, एकाच फेरीत रान साफ, बघून आपल्यालाही वाटतं. तिकडे त्याला अर्थ आहे, शेतं लांब, ट्रॅक्टर शंभर-दोनशे एचपीचे. आपल्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या लहानशा तुकड्यात, गाडी वळवतानाच बांध लागतो, पुढे आणखी मीटरभर लांबी वाढली तर वळायचं कुठे? शिवाय हिशोब करून बघा. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर १.५ मीटर आणि मागच्या ॲक्सलच्या मागे १ मीटरवर २५० किलोचं अवजार लटकवलं तर पुढच्या ॲक्सलवरचं सुमारे १६७ किलो वजन उचललं जातं, म्हणून चढावर स्टिअरिंग हलकं लागतं. पुढच्या ॲक्सलच्या पुढे ०.६ मीटरवर १०० किलोचं वजन लावलं तर पुढे १४० किलो परत मिळतात. एवढ्यासाठी लोखंडी वेट पुरेसे आहेत, त्याला सिलिंडर लागत नाही की पाईप. चिखलणीत तर तेही काढून ठेवलेलं बरं, नाहीतर तोंड रुततं.

आंबा-काजूच्या बागेत गवत कापायला, शेणखत भरायला पुढचं अवजार उपयोगी आहे हे मान्य. गवत समोर दिसतं, मान मागे वळवावी लागत नाही. पण पंप एकच आहे. मिनिटाला २० लिटर तेल १५० बारने ढकलायला ५ किलोवॅट, म्हणजे जवळपास ७ एचपी लागतात, २० एचपीच्या गाडीत ते लगेच जाणवतात. आणि पुढे माल उचलणारा लोडर असेल तर टिपिंग ट्रॉलीचा एकेरी पाईप चालत नाही, दोन्ही बाजूंनी तेल देणारा वॉल्व्ह हवा.

मोठी अडचण समुद्राची. मागची लिफ्ट घराच्या आत तेलात बुडालेली असते, पुढचे सिलिंडर मात्र उघड्यावर. त्यांच्या दांड्यावर केसाहून पातळ क्रोमचा थर असतो, त्यात मुळातच बारीक तडे असतात, खाऱ्या हवेतलं मीठ त्यातून खालच्या लोखंडाला गाठतं. मग खड्डा पडतो, आणि तो खड्डा प्रत्येक फेरीत सील किसत जातो. म्हणून गाडी उभी करताना पुढचं अवजार जमिनीला टेकवून दांडे पूर्ण आत घ्यायचे, जो थोडा भाग बाहेर राहतो त्याला ग्रीस फासायचं. आणि तेल बदलायचं ते पावसाच्या तोंडावर नाही, चिखलणी संपल्या संपल्या, कारण आत शिरलेलं पाणी त्यानंतर पुढचे दहा महिने गाडीत बसून गंज चढवत असतं.