जॉन केंड्रिक

केंड्रिक, जॉन (सु. १७४०–१७९४). अमेरिकन नौकप्तान आणि फरचा सागरी व्यापारी. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पोहोचलेल्या बोस्टनच्या पहिल्या व्यापारी मोहिमेचा तो प्रमुख. मोहिमेला पैसा पुरवणाऱ्यांनी त्याला नालायक ठरवले आणि पृथ्वीप्रदक्षिणेचे श्रेय त्याचा दुय्यम कप्तान रॉबर्ट ग्रे याच्या नावावर गेले. तरीही प्रशांत महासागरात अमेरिकन व्यापाराचे बस्तान बसवण्यात केंड्रिकचा वाटा ग्रेपेक्षा मोठा मानावा लागतो. ग्रे माल विकून मायदेशी परतला, केंड्रिक मात्र अखेरपर्यंत त्याच पाण्यात राहिला.

या साऱ्या व्यापाराचे मूळ होते समुद्री पाणमांजराच्या कातड्यात. या प्राण्याच्या अंगावर चरबीचा थर नसतो. थंड समुद्रात त्याला तगवते ती त्याची फर. एका चौरस इंचात दहा लाखांपर्यंत केस, इतकी दाट फर दुसऱ्या कोणत्याही प्राण्याला नाही. कॅप्टन कुकच्या शेवटच्या सफरीतील खलाशांनी १७७८ साली व्हँकूव्हर बेटावरील (आजचा कॅनडा) नूटका साउंड या खाडीत किरकोळ वस्तूंच्या बदल्यात ही कातडी घेतली होती. पुढच्या वर्षी चीनमधील कँटनला त्यांतल्या उत्तम कातड्यांना नगामागे १२० डॉलरपर्यंत भाव मिळाला. ही बातमी छापून येताच व्यापाऱ्यांची रीघ लागली. त्यात मुंबईही मागे नव्हती. डेव्हिड स्कॉट या मुंबईकर ब्रिटिश व्यापाऱ्याच्या पाठबळावर जेम्स स्ट्रेंज डिसेंबर १७८५ मध्ये ‘कॅप्टन कुक’ आणि ‘एक्स्पेरिमेंट’ ही दोन जहाजे घेऊन मुंबईहून नूटकाला निघाला होता. नफा न झाल्याने तो प्रयत्न तिथेच संपला.

केंड्रिकचा जन्म मॅसॅचुसेट्समधील केप कॉडवर, हार्विच गावी झाला. वडीलही दर्यावर्दीच. १७६७ साली त्याने हल्डा पीज हिच्याशी लग्न केले. त्यांना सहा मुले झाली. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात सरकारी परवान्यावर ब्रिटिश व्यापारी जहाजे पकडणाऱ्या खासगी लढाऊ जहाजांचे कप्तानपद त्याने सांभाळले. युद्ध संपले आणि ब्रिटिश वसाहतींची बंदरे अमेरिकन व्यापाराला बंद झाली. बोस्टनच्या व्यापाऱ्यांना नवी बाजारपेठ हवी होती. जोसेफ बॅरेल आणि त्याच्या पाच भागीदारांनी सुमारे ४९,००० डॉलर उभे करून दोन जहाजे सजवली : २१२ टनांचे ‘कोलंबिया रेडिव्हिवा’ आणि ९० टनांचे ‘लेडी वॉशिंग्टन’. मोठे जहाज केंड्रिककडे, लहान ग्रेकडे. त्या वेळी केंड्रिक सत्तेचाळिशीचा होता. जॉन आणि सॉलोमन हे दोन मुलगेही बरोबर निघाले.

सप्टेंबर १७८७ च्या अखेरीस मोहीम सुटली. केप व्हर्द बेटांवर केंड्रिकने चाळीसेक दिवस काढले, तेव्हाच अधिकाऱ्यांची कुरबुर सुरू झाली. केप हॉर्नला वळसा घालताना वादळात जहाजांची ताटातूट झाली. ग्रे नूटकाला आधी पोहोचला. मागून सप्टेंबर १७८८ मध्ये ‘कोलंबिया’ आले तेव्हा त्यावरील खलाशी स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या रोगाने) खंगलेले होते. हिवाळा तिथेच काढावा लागला. व्यापार कसा चाले याचे एक उदाहरण पुरेसे आहे : १७८९ च्या उन्हाळ्यात ग्रेच्या माणसांनी या किनाऱ्यावरच्या हैदा या मूळ रहिवाशांच्या एका गावी अर्ध्याएक तासात सुमारे दोनशे कातडी मिळवली, प्रत्येकी एका लोखंडी छिन्नीला. पुढे स्थानिक लोक या व्यवहारात तयार झाले. छिन्न्यांचा भाव पडला आणि तांबे, कापड, बंदुकांची मागणी वाढली.

त्याच वर्षी स्पॅनिश अधिकारी मार्तिनेस याने नूटकात ब्रिटिश जहाजे जप्त केली आणि त्यावरून दोन्ही राष्ट्रे युद्धाच्या उंबरठ्यावर आली. केंड्रिकने मार्तिनेसशी सलोखा राखला आणि आपली जहाजे वाचवली. त्याचा मुलगा जॉन तर स्पॅनिश नौदलात दाखल होऊन ‘हुआन’ झाला. जुलै १७८९ मध्ये दोन्ही कप्तानांनी जहाजांची अदलाबदल केली. ग्रे ‘कोलंबिया’ घेऊन कँटनमार्गे ऑगस्ट १७९० मध्ये बोस्टनला परतला. अमेरिकन झेंड्याखालची ही पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. मालकांना मात्र तोटाच झाला आणि त्याचे खापर गैरहजर केंड्रिकवर फुटले.

केंड्रिकच्या चरित्रातला सर्वांत काळा भाग हैदा ग्वाई बेटांवरचा. १७८९ मध्ये जहाजावरचे धुतलेले कपडे चोरीला गेले, तेव्हा त्याने कोयाह आणि आणखी एका सरदाराला पकडले. तोफ उतरवून तिच्या गाड्यात दोघांचा एकेक पाय अडकवला, मारून टाकण्याची धमकी दिली, चोरीचा माल परत मिळवला आणि उरलेली कातडी स्वतः ठरवलेल्या भावाने विकायला लावली. कोयाहला फटके मारले, त्याचे केस कापले, तोंडाला रंग फासला, अशी हकिकत पुढे हैदांकडून ‘कोलंबिया’वरील लोकांच्या कानी आली. हैदा समाजात सरदाराची प्रतिष्ठा हेच त्याचे सर्वस्व. या विटंबनेनंतर कोयाहचे स्थान गेले. जून १७९१ मध्ये केंड्रिक पुन्हा आला तेव्हा शस्त्रपेटीच्या किल्ल्या पेटीलाच राहिल्या होत्या. ते हेरून कोयाहच्या माणसांनी डेक ताब्यात घेतला. झटापटीत केंड्रिक निसटला, खालून शस्त्रे वर आली आणि मग पळणाऱ्या होड्यांवरही गोळीबार झाला. स्त्रिया आणि मुलेही त्यात मेली. केंड्रिक एतद्देशीयांशी ग्रेपेक्षा मवाळपणे वागे, असे बरेचदा लिहिले जाते. व्हँकूव्हर बेटावरील क्लेयोक्वॉट साउंडमधील ऑपिट्साट हे गाव ग्रेने १७९२ साली जाळले, हे लक्षात घेता तुलना अगदीच चुकीची नाही; पण कोयाहची हकिकत वगळून ती करणे अप्रामाणिकपणाचे आहे.

कोयाहच्या हल्ल्याच्या आदल्याच महिन्यात, मे १७९१ मध्ये, ‘लेडी वॉशिंग्टन’ आणि ‘ग्रेस’ ही जहाजे जपानच्या किई प्रांतातील ओशिमा बेटापाशी नांगरली होती. वाऱ्याने आलो, असे कारण केंड्रिकने सांगितले. फरला तिथे गिऱ्हाईक नव्हते. खबर मिळून वाकायामाहून सामुराई येईपर्यंत जहाजे निघून गेली होती. जपानी भूमीवर अमेरिकनांचे हे पहिले ज्ञात पाऊल, जपानला परकीयांसाठी दारे उघडायला लावणाऱ्या अमेरिकन कमोडोर पेरीच्या ६२ वर्षे आधीचे. कुशिमोटो येथे त्याचे स्मारक-संग्रहालय आहे.

१७९१ च्याच उन्हाळ्यात नूटका आणि क्लेयोक्वॉट परिसरात त्याने सरदारांकडून जमिनी ‘विकत’ घेतल्या. नूटकाचा सरदार माक्विना याने दहा बंदुकांच्या बदल्यात दस्तावर खूण केली. दस्तांच्या प्रती केंड्रिकने १७९३ मध्ये परराष्ट्रमंत्री जेफरसनकडे पाठवल्या. हवाई बेटांवर चंदन गोळा करायलाही त्याने माणसे ठेवली होती. फर संपल्यावर याच चंदनाने चीनचा व्यापार तोलून धरला.

डिसेंबर १७९४ मध्ये तो हवाईतील ओआहू बेटावर, होनोलुलूत होता. ओआहूचा राजा कलानिकुपुले याने ब्रिटिश कप्तान विल्यम ब्राऊनच्या मदतीने लढाई जिंकली. त्यानंतर केंड्रिक आणि ब्राऊन यांच्या जहाजांनी तोफांची सलामी दिली. ब्राऊनच्या ‘जॅकल’वरील एका तोफेतला भरलेला मारा काढायचा राहून गेला होता. तो ‘लेडी वॉशिंग्टन’ची बाजू फोडून आत घुसला आणि टेबलापाशी बसलेला केंड्रिक काही सोबत्यांसह ठार झाला. त्याला तिथेच किनाऱ्यावर पुरले. काही आठवड्यांतच कलानिकुपुलेच्या माणसांनी ब्राऊनलाही ठार मारले.

‘लेडी वॉशिंग्टन’ १७९७ मध्ये फिलिपिन्सजवळ बुडाले. त्याची प्रतिकृती १९८९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील ॲबर्डीन येथे बांधली गेली. केंड्रिकच्या वारसांनी जमिनींचा दावा अमेरिकन काँग्रेसपुढे नेला, पण त्यांच्या पदरी काही पडले नाही. व्हँकूव्हर बेटाच्या किनाऱ्यावरून समुद्री पाणमांजर पुढे पूर्ण नाहीसे झाले. १९११ च्या आंतरराष्ट्रीय कराराने उरल्यासुरल्यांना संरक्षण मिळाले आणि १९६९ ते १९७२ दरम्यान अलास्कातून ८९ प्राणी आणून बेटाच्या वायव्य बाजूला सोडण्यात आले. आज तिथे असलेली पाणमांजरे त्यांचेच वंशज आहेत.