कागदालाही उभं-आडवं असतं

गेल्या श्रावणात मावशीने राख्यांबरोबर पाठवायला चोवीस कार्डं केली. पाया पांढऱ्या कार्डस्टॉकचा, म्हणजे जाड कागदाचा, वर पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेल्या नक्षीच्या कागदाचा तुकडा, मध्ये डाय (कागद कापायचा धारदार साचा) फिरवून कापलेलं फूल आणि खाली स्टॅम्पने उमटवलेली दोन अक्षरं. रात्री कपाटावर ओळीने उभी करून ठेवली. सकाळी बघते तर बहुतेक सगळी वाळत घातलेल्या पापडासारखी कडा वर करून बसलेली.

"पावसाळी हवा, दुसरं काय!" शेजारच्या काकूंनी निकाल दिला.

"हवा सगळ्यांनाच पावसाळी आहे," मावशी म्हणाली. "मग ही सात सरळ कशी?"

मावशी बँकेतून निवृत्त झालीय. हिशोब जुळला नाही की तिला झोप येत नाही. मी काही वर्षं छपाईच्या धंद्यात काढलीयत, म्हणून कार्डांचं गाठोडं माझ्याकडे आलं. उत्तर मिळालं ते कचऱ्याच्या टोपलीत, कातरणांमध्ये. नक्षीचा कागद पुरेना म्हणून शेवटचे सात तुकडे तिने आडवे कापले होते.

सेल्युलोजच्या तंतूंचा थर म्हणजे कागद. लाकडाच्या लगद्यातला एकेक तंतू साधारण एक ते तीन मिलिमीटर लांब आणि केसाहून बारीक असतो. तंतूंना एकमेकांशी धरून ठेवतात ते प्रामुख्याने हायड्रोजन बंध. तिथे वेगळा डिंक लागत नाही. कारखान्यात पाण्यासारखा पातळ लगदा धावत्या जाळीवर सोडतात. अशा यंत्राचं पेटंट फ्रान्समध्ये निकोला-लुई रोबेरने १७९९ साली घेतलं. आजच्या यंत्रांचा वेग अफाट वाढला तरी तत्त्व तेच आहे. जाळी पुढे पळते तसे तंतूही त्या दिशेला तोंड करून बसतात, प्रवाहात ओंडके लागतात तसे. कागदाच्या या दिशेला धंद्यातले लोक ग्रेन म्हणतात.

तंतूने पाणी प्यायलं की तो जाडीला चांगलाच फुगतो, लांबीला मात्र जवळजवळ नाही. म्हणून दमट हवेत कागद ग्रेनच्या आडव्या दिशेला जास्त पसरतो. पायाच्या कार्डाचा ग्रेन उभा आणि वरच्या नक्षीचा आडवा असला, की एक थर रुंदीला वाढू बघतो आणि दुसरा लांबीला. दोघांना फेविकॉलने बांधलेलं. मग सुटका वाकण्यातच! आडवे कापलेल्या सात तुकड्यांचा ग्रेन योगायोगाने पायाशी जुळला आणि दोन्ही थर एकाच बाजूला फुगले.

फेविकॉलने भर घातली ती वेगळीच. तो पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असलेला पांढरा रस असतो. पाणी कागदात शिरतं आणि हवेत उडतं, थेंब एकमेकांना चिकटून पापुद्रा बनतो. पण तोवर वरचा कागद ओला होऊन पसरलेला असतो, त्याच अवस्थेत चिकटतो आणि वाळताना आखडतो. म्हणून मोठा तुकडा लावताना दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी. फेविकॉलच हवा असेल तर टिंबाटिंबाने, आणि वर रात्रभर जाड पुस्तकांचं ओझं.

ग्रेन ओळखायचा कसा? बारा इंची चौकोनी कागदाकडे नुसतं बघून कळत नाही. न दुमडता दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने विनातक्रार वाकेल, त्या वळणाची रेघ ग्रेनला समांतर. खात्री नसेल तर कोपरा फाडा. ग्रेनच्या दिशेने बऱ्यापैकी सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा जातो. मावशीने यावर एक घरगुती चाचणीही काढलीय: चार बोटं लांबीची पट्टी जिभेवरून फिरवायची आणि कुठे वळते ते पाहायचं. शास्त्र बरोबर आहे, पण रंगीत कागदावर हा प्रयोग करू नका असं मी तिला दोनदा सांगून झालं.

कार्डाची घडीही याच दिशेवर ठरते. ग्रेनला समांतर घडी घातली तर तंतू एकमेकांपासून जरा सरकतात, एवढंच. आडवी घातली तर ते मोडतात, आणि गडद रंगाच्या कार्डावर पांढरी भेगाळलेली रेघ दिसते. त्यात कार्ड जाड असतं. वाकायला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट तर विरोध आठपट. घडी घालण्याआधी पट्टी लावून, शाई संपलेल्या बॉलपेनने खोल रेघ ओढतात ती यासाठीच. दाबाने कार्डाच्या आतले थर त्या रेघेपुरते सुटे होतात. एक जाड फळी असते तिथे पातळ पानांची गड्डी तयार होते, आणि गड्डी सहज वाकते. मात्र रेघेची खाच घडीच्या बाहेर राहिली पाहिजे, मागचा उंचवटा आत. बहुतेक लोक उलटं करतात. मीही करायचे.

आता डायचं यंत्र. ते पाहिल्यावर मला पहिल्यांदा रसवंतीच आठवली: दोन लाट (म्हणजे रूळ), बाजूला हँडल. उसाऐवजी आत जातो थर लावलेला ढीग. खाली पाट, त्यावर प्लास्टिकची कापायची प्लेट, कागद, त्यावर धार खाली करून पातळ पोलादी डाय, वर दुसरी प्लेट. हँडल फिरवलं की कडकड आवाज करत ढीग पलीकडे निघतो आणि फूल सुटून येतं. मावशीसारख्या सत्तरीच्या बाईच्या मनगटाने पोलाद कार्डात घुसतं कसं?

करंजीचं कातणं आठवा. त्याचं चाक एका वेळी एकाच जागी टेकतं, म्हणून हाताला जोर लागत नाही. लाटांचंही तसंच. समजा लाटांखाली एका वेळी चार मिलिमीटर रुंदीचा पट्टा दाबला जातो. सहा सेंटिमीटर व्यासाच्या गोल डायची पूर्ण धार सुमारे १९ सेंटिमीटर. ती वरून एकदम दाबायची तर सगळ्या १९ सेंटिमीटरचा जोर हवा. लाटांमधून जाताना मात्र गोलाच्या मध्यावर त्या पट्ट्यात धारेचे दोनच तुकडे येतात, मिळून आठ मिलिमीटर. जोर चोवीस पटींनी कमी! तोंडाशी आणि शेवटाला गोलाची कड लाटेला समांतर असते. तिथे तीन सेंटिमीटरच्या आसपास धार एकदम दाबाखाली येते. म्हणून गोल कापताना हँडल आधी घट्ट, मध्ये सैल आणि शेवटी परत घट्ट लागतं.

चौकोनी डाय नाकासमोर सरळ ठेवली तर सहा सेंटिमीटरची अख्खी बाजू एकदम लाटेखाली जाते. हँडल अडतं, आपण जोर करतो, प्लेटला बाक येतो. तीच डाय तिरकी, कोपरा पुढे करून ठेवा. मग एका वेळी जेमतेम ११ मिलिमीटर धार दाबाखाली येते. मावशीने हे ऐकल्यावर लगेच करून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे त्या डब्यावर का नाही लिहीत?" मला उत्तर नव्हतं.

बारीक नक्षीच्या या पातळ डाय सहसा ठोकून घडवलेल्या नसतात. पोलादाच्या पत्र्यावर नक्षी झाकून बाकीचा भाग रसायनाने खाऊ देतात आणि धार उरते. कधी एखादी कड कापलीच जात नाही. तेव्हा प्लेटखाली साध्या ८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या) कागदाचा तुकडा सरकवायचा. त्याची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग, आणि फरक तेवढ्यानेच पडतो. प्लेटही दर वेळी उलटी करत राहायची, नाहीतर ती केळ्यासारखी वाकते.

डायची एक जुनी गोष्ट खोक्यांच्या धंद्यात सापडते. १८७९ च्या सुमारास न्यू यॉर्कमध्ये रॉबर्ट गेअर नावाचा छपाईवाला बियाण्यांच्या पिशव्या छापत होता. घडीची रेघ पाडणारी धातूची पट्टी सरकली आणि पिशव्या कापल्या गेल्या. माल वाया गेला, पण एकाच दाबात कापताही येतं आणि घडीही पाडता येते हे त्याच्या ध्यानात आलं. मिठाईचं सपाट येणारं खोकं त्याच वंशातलं.

स्टॅम्पचं प्रकरण थोडक्यात. पारदर्शक स्टॅम्प रबराचे नसतात. प्रकाश पडला की घट्ट होणाऱ्या द्रव राळेपासून ते करतात. अतिनील प्रकाश जिथे पडतो तिथे राळ कठीण होते, उरलेली धुऊन टाकतात. नव्या स्टॅम्पवर शाईचे थेंब अळूच्या पानावरच्या पाण्यासारखे गोळा होतात, कारण पृष्ठभाग अति गुळगुळीत असतो. त्यावर खोडरबर हलकेच फिरवा, शाई पसरून बसेल. स्टॅम्प धरायच्या ॲक्रिलिकच्या ठोकळ्याला चिकटेनासा झाला तर दोष सहसा धुळीचा आणि हाताच्या तेलाचा. साबणाच्या पाण्याने धुतलं की पुन्हा धरतो.

एम्बॉसिंगची, म्हणजे अक्षरं उठावदार करणारी, भुकटी मात्र पुण्याची हवा बघून वागते. ओल्या शाईवर भुकटी टाकून झटकायची आणि हीट गनच्या गरम हवेने वितळवायची; वितळलेलं प्लास्टिक पृष्ठताणाने गुळगुळीत होतं आणि चमकतं. पण पौष-माघात हवा कोरडी, कागदावर स्थिर वीज साठते आणि भुकटी नको तिथेही चिकटते. पावसाळ्यात बोटं दमट, म्हणून बोटांचे ठसे सोनेरी होऊन उमटतात. दोन्हींवर तोडगा एकच, आधी टाल्कम पावडरचा हलका हात.

मग दिवाळीसाठी मावशीला हातकागदाची हौस आली. पुण्यातल्या एका वस्तीच्या नावातही कागद आहे, कसबा पेठेतला कागदीपुरा कागद बनवणाऱ्यांवरून ओळखला जातो. आणि शिवाजीनगरला १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेने सुरू झालेली हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांचा लगदा, साच्यात उचलून दोन्ही दिशांनी हलवलेला. तंतू चहूकडे तोंड करून बसतात, ग्रेन जवळजवळ नाहीच. कुठूनही दुमडा, कसाही चिकटवा. मावशी खूश.

डायखाली घातला तेव्हा गंमत झाली. सुताचे लांब, चिवट तंतू धारेखाली दबले पण तुटेनात. फुलाच्या पाकळ्यांना मिशा फुटल्या. दोनदा फिरवलं, खाली कागद सरकवला, तरी मिशा राहिल्याच. मग तिने डाय बाजूला ठेवली, पाण्यात बुडवलेल्या ब्रशने कागदावर फुलाचा आकार काढला आणि ओल्या रेघेवरून हळूच ओढला. पाण्याने तंतूंची पकड सुटलेली होती. पाकळी कापसासारखी मऊ कड घेऊन वेगळी झाली. तशी चोवीस फुलं करायला तिला तीन दुपारी लागल्या, आणि यंत्र त्या तीनही दुपारी पुस्तकांखाली वाळणाऱ्या कार्डांवर वजन म्हणून ठेवलेलं होतं.