पार्श्वभूमी : फुप्फुसाची तीव्र इजा आणि वनस्पतिजन्य संयुगे

करक्युमिन, क्वेर्सेटिन, रेझवेराट्रॉल, बायकॅलिन या संयुगांनी 'अ‍ॅक्यूट लंग इंज्युरी'तला दाह आटोक्यात येतो, असे सांगणारे शोधनिबंध सतत येत असतात. ते वाचताना एक गोष्ट आधी ध्यानात ठेवावी लागते. रुग्णाच्या केसपेपरवरून हे निदान २०१२ मध्येच हटवले गेले. ते टिकून राहिले प्रयोगशाळेत, आणि तिथली इजा बहुतेक वेळा उंदराची असते.

१९६७ मध्ये १२ रुग्णांच्या नोंदींवरून एआरडीएसचे, म्हणजे फुप्फुसे सुजून रक्तातला ऑक्सिजन धोकादायकरीत्या कमी होण्याच्या अवस्थेचे, पहिले वर्णन झाले. १९९४ च्या व्याख्येने रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब आणि श्वासातल्या ऑक्सिजनचे प्रमाण यांच्या गुणोत्तराला आधार मानले : ३०० किंवा त्याखाली एएलआय (अॅक्यूट लंग इंज्युरी), २०० किंवा त्याखाली एआरडीएस. म्हणजे एआरडीएसचा प्रत्येक रुग्ण एएलआयमध्येही मोडत होता. व्यवहारात मात्र अनेकांनी एएलआय म्हणजे फक्त २०० ते ३०० मधला सौम्य गट असाच अर्थ घेतला. दोन अभ्यासांची तुलना करायची तर आधी कोणी कोणता अर्थ धरला हे शोधावे लागे.

२०१२ च्या बर्लिन व्याख्येने हा गुंता एका फटक्यात सोडवला. एएलआय रद्द झाले आणि एआरडीएसच्याच सौम्य, मध्यम, तीव्र अशा तीन पायऱ्या झाल्या. रुग्णांच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण त्याच व्याख्येने यंत्राने दिलेला किमान ५ सेंटिमीटर पाण्याइतका दाब आवश्यक ठरवला. त्यामुळे जिथे व्हेंटिलेटरच नाहीत तिथले रुग्ण मोजणीत आलेच नाहीत. ही त्रुटी मोठी होती आणि ती दूर व्हायला २०२३ उजाडले. त्या वर्षीच्या जागतिक व्याख्येत मिनिटाला ३० लिटर किंवा अधिक प्रवाहाचा ऑक्सिजन आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचे मापन, दोन्ही ग्राह्य धरले गेले.

प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्यांना या व्याख्या लावणे अवघड होते. त्यांच्यासाठी २०११ मध्ये वेगळे निकष ठरले होते : ऊतींची हानी, वायुकोश आणि केशिका यांच्यामधल्या पडद्याची गळती, दाह आणि फुप्फुसाच्या कामात बिघाड. या चारपैकी किमान तीन दिसले की इजा मान्य. २०२२ मध्ये या निकषांची सुधारित आवृत्ती आली, पण एएलआय हे नाव कायम राहिले. माझ्या मते या संशोधनातले बरेच गैरसमज इथेच जन्मतात. उंदराच्या प्रयोगातले निष्कर्ष त्याच नावाखाली रुग्णाच्या आजाराला चिकटवले जातात.

प्रत्यक्ष प्रयोग पाहिला की अंतर कळते. जिवाणूच्या आवरणातले लिपोपॉलिसॅकराइड उंदराच्या श्वासनलिकेत सोडतात. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वायुकोशांत गर्दी करतात. मग फुप्फुस धुऊन त्या पाण्यातल्या पेशी आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-६ ही दाह वाढवणारी प्रथिने मोजतात. ओल्या आणि वाळवलेल्या फुप्फुसाच्या वजनाच्या गुणोत्तरावरून सूज ठरवतात. संयुग मात्र अनेकदा इजेच्या आधीच दिलेले असते. अतिदक्षता विभागात रुग्ण येतो तो इजा झाल्यावर.

संयुगांची बाजू त्या मानाने लवकर उभी राहिली. हळदीतले करक्युमिन १८१५ मध्ये वेगळे काढले गेले, पण त्याला दाहाच्या यंत्रणेत जागा मिळाली फार नंतर. दाहाची जनुके चालू करणारा एनएफ-कप्पा-बी हा प्रथिनांचा संच १९८६ मध्ये सापडला, १९९५ मध्ये करक्युमिन त्याला अडवते असे पेशींवर दिसले, आणि लिपोपॉलिसॅकराइड ओळखणारा पेशीवरचा ग्राही टीएलआर४ १९९८ मध्ये उलगडला. लिपोपॉलिसॅकराइडपासून दाहाच्या जनुकांपर्यंतची साखळी पूर्ण झाली. पुढे दाह पेटवणारे एनएलआरपी३ आणि पेशींचे संरक्षण करणारे एनआरएफ२ या प्रथिनांची भर पडली, आणि नुसता दाह दाबण्याऐवजी मॅक्रोफेज या भक्षक पेशींना दुरुस्तीच्या कामाकडे वळवण्याची भाषा सुरू झाली.

या उत्साहाला खरा धक्का बसला तो २०१७ मध्ये. औषधरसायनशास्त्राच्या अंगाने झालेल्या एका सविस्तर आढाव्याने करक्युमिन अस्थिर आहे, रक्तात नीट पोहोचत नाही आणि अनेक चाचण्यांत खोटा होकार देते, हे नोंदवले. दररोज ८ ग्रॅम दिल्यावरही रक्तातली सरासरी पातळी २ मायक्रोमोलरच्या आत राहिल्याची नोंद आहे, तर पेशींवरच्या प्रयोगांत सर्रास १० किंवा २० वापरतात.

२०२० मध्ये कोविडच्या साथीत डेक्सामेथासोन या दाहरोधक स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी केले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना त्याचा फायदा दिसला नाही. दाह आवरल्याने जीव वाचू शकतो हे त्यातून सिद्ध झाले, आणि कोणाला, केव्हा हा प्रश्नही पुढे आला. त्याआधी २०१४ मध्येच एआरडीएसमध्ये तीव्र दाहाचा आणि कमी दाहाचा असे दोन गट असल्याचे दिसले होते. वनस्पतिजन्य संयुगांच्या पुढच्या चाचण्यांत हे दोन गट वेगळे धरावे लागतील, आणि उंदरालाही पहिला डोस इजा झाल्यानंतरच द्यावा लागेल.