मिरजेतले तीन रूळ

1971 मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि मिरज जंक्शनात तीन मापांचे रूळ एकत्र आले. दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, पुणे-कोल्हापूरचं 1,676 मिलिमीटर, लोंढ्याकडच्या मीटरगेजचं 1,000 आणि कुर्डुवाडीकडच्या नॅरोगेजचं 762. कुर्डुवाडीकडून आलेलं पोतं पुण्याला न्यायचं तर डबा मिरजेतच थांबे. पोतं हमालाच्या पाठीवरून दुसऱ्या डब्यात चढे. त्यात वेळ जाई, पोती फाटत, वजनही घटे. (का, ते व्यापाऱ्यांना विचारा.) वेगवेगळ्यांनी बनवलेल्या यंत्रणांनी असा मधला हमाल न लागता एकमेकींचं काम पुढे नेणं, यालाच ‘इंटरऑपरेबिलिटी’ म्हणतात.

मग त्याच स्लीपरवर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर) तिसरा रूळ टाकला तर? टाकता येतो. पण ब्रॉडगेजच्या तेव्हाच्या मालडब्यांना दोन बाजूंना बफर (धक्का झेलणारे दांडे), तर मीटरगेजला मधोमध एकच. चाकं रुळावर बसतात, डबे मात्र एकमेकांना जोडता येत नाहीत.

1941 मध्ये सोव्हिएत संघात घुसलेल्या जर्मन सैन्याला हाच प्रश्न फार मोठा होऊन भेटला. जर्मन गेज 1,435, सोव्हिएत 1,524. फरक अवघा 89 मिलिमीटर. रुळाचा तळच त्याहून रुंद असतो, म्हणून तिसरा रूळ मावत नाही. त्यांनी लाकडी स्लीपरवरचे खिळे उपटून एक रूळ आत सरकवला. एवढं करूनही गाड्या अडल्याच. सोव्हिएत इंजिनं एकदा पाणी भरलं की लांब जात, त्यामुळे तिथली पाण्याची ठाणी दूरदूर होती. जर्मन इंजिनांना ते अंतर झेपेना.

आता रुळांच्या जागी रेडिओलहरी आल्या आहेत. समोरच्या विमानाला विचारलेला ‘आपला की शत्रू?’ हा प्रश्न 1030 मेगाहर्ट्झवर जातो, विमानाचं उत्तर 1090 वर येतं. लहरी ठरलेल्या असल्या तरी दोन्हीकडे संकेत एकच भरलेला लागतो. मार्च 2003 मध्ये इराकवरून परतणारं ब्रिटिश टोर्नेडो लढाऊ विमान अमेरिकेच्या पेट्रियट या हवाई संरक्षण क्षेपणास्त्रांच्या तुकडीने शत्रूचं क्षेपणास्त्र समजून पाडलं. आतले दोघेही ठार झाले. विमानाचं ओळखयंत्र उत्तर देत नव्हतं आणि तुकडीच्या यंत्रात एका प्रकारचे संकेत भरलेलेच नव्हते, असं चौकशीत आढळलं.